डाव्या टेम्पोरल लोबचे ऑपरेशन: फिट थांबण्याची शक्यता किती, आणि त्यासाठी काय मोजावे लागते

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका भावाचा प्रश्न आहे. बहीण २६ वर्षांची. वर्षाची असताना तापात बराच वेळ आकडी आली होती, आणि आठव्या वर्षापासून फिट्स सुरू झाल्या. आधी पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे होते, मग नजर एका जागी ठरते, ती ओठ चाटू लागते, डाव्या हाताने ओढणी चाळवते आणि उजवा हात वाकडा होऊन ताठतो. दीड-दोन मिनिटांत थांबते, पण त्यानंतर काही वेळ तिला शब्द सापडत नाहीत. महिन्यात अशा चार-पाच. लेव्हेटिरॅसिटॅम, कार्बामाझेपिन आणि क्लोबाझाम तिन्ही चालू आहेत. एमआरआयमध्ये डाव्या बाजूला मेझियल टेम्पोरल स्क्लेरोसिस आहे, म्हणजे टेम्पोरल लोबच्या (कानालगतच्या मेंदूच्या भागाच्या) आतला, आठवणीशी निगडित हिप्पोकॅम्पस सुकून कडक झाला आहे, आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवले आहे. घरच्यांना चार गोष्टी विचारायच्या आहेत: फिट कायमच्या थांबतील का, गोळ्या सुटतील का, बोलणे आणि आठवण जाईल का, आणि लग्नाचे काय.

आधी थेट उत्तर देतो. ऑपरेशनचा सर्वांत चांगला निकाल ज्या प्रकारच्या अपस्मारात मिळतो, त्यातच हे वर्णन बसते. सगळ्या तपासण्या एकाच जागेकडे बोट दाखवत असतील, तर अशा शंभर जणांपैकी साधारण ६५ ते ७० जणांना ऑपरेशननंतर वर्ष-दोन वर्षांनी भान हरपणारी एकही फिट येत नाही. दहा वर्षांनी हा आकडा निम्म्याच्या आसपास येतो. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या फिट्स खूप कमी होतात, काहींना मात्र काहीच फायदा होत नाही. बाजू डावी असल्यामुळे खरा हिशेब शब्दांच्या आठवणीचा आहे, आणि तो ऑपरेशनच्या आधीच करावा लागतो.

औषधांना दाद न देणारा अपस्मार कोणाला म्हणायचे, हे अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० मध्ये ठरवले: योग्य निवडलेली, सोसवणारी आणि पुरेशा मात्रेत घेतलेली दोन औषधे देऊनही फिट्स थांबल्या नाहीत, तर. यात ‘पुरेशा मात्रेत’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. प्रौढ माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅम कार्बामाझेपिन किंवा ५०० मिलिग्रॅम लेव्हेटिरॅसिटॅम देऊन ‘औषध लागू पडत नाही’ म्हणता येत नाही. सोसेल तर पहिले ८०० ते १२०० आणि दुसरे २००० ते ३००० मिलिग्रॅमपर्यंत नेऊन पाहावे लागते. फायलीत प्रत्येक औषध कोणत्या मात्रेपर्यंत, किती महिने घेतले आणि का बंद केले, हे लिहिलेले हवे. सौंदत्तीच्या यात्रेतले दोन रात्रींचे जागरण, राहून गेलेल्या गोळ्या, दुकानात नेहमीची कंपनी न मिळाल्याने बदललेली गोळी, उपवासाच्या दिवशी टाळलेला डोस, या सगळ्यामुळे फिट येते, पण म्हणून औषध हरले असे होत नाही. रोगाचा प्रकारच चुकीचा ठरवलेला असतो, असेही घडते. सकाळी उठल्यावर हातातली कपबशी उडावी असे झटके येणारा जुव्हेनाइल मायोक्लोनिक प्रकार कार्बामाझेपिनने उलट वाढतो. मानसिक ताणातून येणारे, मेंदूत विद्युतलहर नसलेले झटकेही वर्षानुवर्षे फिटच्या गोळ्यांवर चालवले जातात. तुमच्या बहिणीच्या बाबतीत वर्णन आणि एमआरआय इतके जुळतात की ही शंका कमी आहे, तरी व्हिडिओ ईईजीशिवाय (फिट येताना कॅमेऱ्याचे चित्रण आणि मेंदूतल्या विद्युतलहरींची नोंद एकाच वेळी) ती मिटली असे धरू नये.

पुढचे औषध बदलून पाहू, असे घरात नेहमी सुचवले जाते. ग्लासगोच्या रुग्णांवरचा २००० सालचा अभ्यास इथे पाहण्यासारखा आहे. पहिल्या औषधाने ४७ टक्के लोक फिटमुक्त झाले, दुसऱ्याने आणखी १३ टक्के, आणि तिसऱ्या औषधाने किंवा दोन औषधांच्या जोडीने मिळून जेमतेम ४ टक्के. त्यानंतर नवी औषधे खूप आली, त्यांचे दुष्परिणाम कमी आहेत, पण दोन औषधे हरल्यानंतरची उतरण तशीच राहिली आहे.

ऑपरेशनच्या बाजूचा पहिला भक्कम पुरावा कॅनडातल्या २००१ च्या चाचणीचा. टेम्पोरल लोबचा अपस्मार असलेले ८० जण, चिठ्ठी टाकावी तसे ४०-४० च्या दोन गटांत वाटले. वर्षानंतर भान हरपणाऱ्या फिट्सपासून मुक्त किती? ऑपरेशनच्या गटात ५८ टक्के, औषधांच्या गटात ८ टक्के. ऑपरेशनच्या गटातल्या ४ जणांचे ऑपरेशन झालेच नाही, तरी ते मोजणीत धरलेले होते. ज्यांचे खरोखर झाले त्यांच्यात हा आकडा ६४ टक्के निघतो. म्हणून कोणी टक्केवारी सांगितली की ती कोणाला धरून काढली आहे, हे जरूर विचारा. आपल्याकडचा पुरावा दिल्लीच्या एम्सचा, २०१७ चा: ११६ मुले, वर्षानंतर ऑपरेशनच्या गटात ७७ टक्के फिटमुक्त, औषधांच्या गटात ७ टक्के. त्यात निरनिराळ्या जागांची ऑपरेशने होती आणि ऑपरेशन झालेल्या सुमारे एकतृतीयांश मुलांत गंभीर परिणामही नोंदले गेले. त्यांतले बरेचसे, अर्धांगासारखे, त्या ऑपरेशनमध्ये आधीपासून अपेक्षितच होते. लांब पल्ल्यासाठी लंडनमधल्या ६१५ प्रौढांचा पाठपुरावा पाहावा. ऑपरेशननंतर सतत फिटमुक्त राहिलेले ५ वर्षांनी ५२ टक्के, १० वर्षांनी ४७ टक्के. यात पोटातली लाट किंवा क्षणभराची भीती एवढेच होणारे लोकही ‘मुक्त’ धरले आहेत. ‘एंगल वर्ग १’ (ऑपरेशनच्या निकालाची सर्वांत चांगली श्रेणी) असे रिपोर्टवर लिहिलेले असेल, तर त्यातही अशी भान न हरपणारी लाट चालते. घरच्यांना मात्र ‘काहीही होणार नाही’ असे वाटलेले असते, आणि पहिली लाट आली की ऑपरेशन फसले म्हणून रडारड होते.

आकडा सर्वांत जास्त बदलतो तो कारणानुसार. युरोपातल्या नऊ हजारांवर रुग्णांच्या २०२० च्या अभ्यासात दोन वर्षांनी फिटमुक्त राहिलेले असे होते: सौम्य, संथ वाढणाऱ्या गाठीत ७७ ते ७८ टक्के, रक्तवाहिन्यांच्या गुच्छात ७४, हिप्पोकॅम्पसच्या स्क्लेरोसिसमध्ये, म्हणजे तुमच्या बहिणीच्या प्रकारात, ७१ ते ७२, आणि काढलेल्या भागात तपासणीत काहीच दोष न सापडलेल्यांत सुमारे ५०. एमआरआय स्वच्छ असलेल्या, त्यातही फ्रंटल लोबच्या रुग्णांना म्हणूनच तुमच्याइतकी आशा देता येत नाही. आपल्या भागात आणखी एक गुंता नेहमी दिसतो: मेंदूत सिस्टिसर्कोसिसची, म्हणजे फीतकृमीच्या अंड्यांतून झालेली, वाळून चुन्यासारखी झालेली गाठ. ती शाकाहारी घरातही होते, कारण अंडी दूषित पाण्यातून आणि न धुतलेल्या भाजीतून जातात. एमआरआयवर डावा हिप्पोकॅम्पस सुकलेला आणि शिवाय दुसऱ्या जागी अशी गाठ असेल, तर फिट नक्की कुठून निघते हे व्हिडिओ ईईजीवरच ठरवावे लागते. रिपोर्टच्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. गाठीचा उल्लेख असेल आणि कोणी तो दुर्लक्षित केला असेल, तर विचारा.

एमआरआय कोणत्या पद्धतीने काढला तेही पाहा. साधा ‘ब्रेन प्लेन’ पुरत नाही. तीन टेस्ला यंत्र, एक मिलिमीटरच्या थ्रीडी टी-वन आणि फ्लेअर प्रतिमा, आणि हिप्पोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात घेतलेले पातळ कोरोनल टी-टू काप, असा ‘एपिलेप्सी प्रोटोकॉल’ हवा. वाचणाराही या कामात मुरलेला हवा. जाड कापांत न दिसलेला दोष त्याच रुग्णात नीट काढलेल्या एमआरआयमध्ये सापडतो, हे वारंवार घडते. सीडी जपा, नुसता कागदी रिपोर्ट पुढच्या डॉक्टरच्या फारसा उपयोगाचा नाही.

व्हिडिओ ईईजीसाठी साधारण तीन ते सात दिवस भरती व्हावे लागते. गोळ्या हळूहळू कमी करून नेहमीसारख्या तीन ते पाच फिट्स यंत्रावर आणि कॅमेऱ्यात टिपायच्या असतात. हे घरी करून पाहायचे नसते. औषध झपाट्याने उतरले की साध्या फिटचे सर्वांगाच्या झटक्यात रूपांतर होऊ शकते. आदल्या दिवशी डोके धुवा, तेल लावू नका, इलेक्ट्रोड चिकटत नाहीत. सोबत राहणाऱ्याचे काम मोठे आहे. फिट सुरू होताच बटण दाबा, पांघरूण बाजूला करा, कॅमेरा आणि रुग्ण यांच्यामध्ये उभे राहू नका, हात धरून ठेवू नका. धरलेला हात ताठला की नाही हे नंतर कोणालाच कळत नाही, आणि बाजू ओळखायला तोच हात लागतो. तिला नाव विचारा, एखादा सोपा शब्द सांगा, ‘भाकरी’ म्हणा, आणि शुद्धीवर आल्यावर तो शब्द विचारा. फिट संपल्यावर एकच वाक्य पुनःपुन्हा वाचायला देतात. भाषेच्या बाजूने फिट निघाली असेल तर ते नीट वाचायला बहुधा मिनिटापेक्षा जास्त वेळ लागतो, दुसऱ्या बाजूची असेल तर त्याहून लवकर जमते. हे वाक्य मराठीत असले पाहिजे. बेंगळुरू किंवा तिरुवनंतपुरमच्या वॉर्डात मराठी कोणाला येत नसेल, तर तुम्ही ते मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून उशाशी ठेवा आणि नर्सला दाखवून ठेवा.

भाषेचा हा मुद्दा मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण सीमाभागातल्या रुग्णाचे नुकसान नेमके इथे होते. ऑपरेशनपूर्वी दोन-तीन तास स्मरणशक्ती आणि भाषेची चाचणी घेतात: पंधरा शब्दांची यादी पाच वेळा ऐकवून अर्ध्या तासाने विचारणे, गोष्ट सांगून परत सांगायला लावणे, चित्रे दाखवून नावे विचारणे. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दोन्ही, अशी ही मुलगी. तिची शब्दस्मृती कन्नडात किंवा इंग्रजीत मोजली, तर गुण कमी येतील, आणि ते फिटच्या जागेमुळे कमी आले की परक्या भाषेमुळे, हे सांगता येणार नाही. चित्रांची गोष्टही तशीच. बोस्टनच्या प्रसिद्ध नाव-चाचणीत इग्लू आणि बीव्हर आहेत. खानापूरच्या मुलीला ते ओळखता आले नाहीत, तर त्यात तिच्या मेंदूचा दोष नाही. चाळण, उलथणे, कुलूप, नांगर अशी चित्रे असलेली चाचणी मराठीत घ्या, असा आग्रह धरा. मराठी जाणणारा मानसतज्ज्ञ नसेल, तर निदान दुभाषी बसवा, आणि तो नात्यातला नसावा, कारण नात्यातला माणूस न कळत उत्तर सुचवतो.

हे इतके का? डाव्या बाजूच्या ऑपरेशननंतर सुमारे ४४ टक्के लोकांच्या शब्दस्मृतीत मोजता येईल अशी घट होते, उजव्या बाजूनंतर सुमारे २० टक्के. वस्तू समोर असून नाव न आठवण्याचा त्रास डाव्या बाजूनंतर साधारण तिघांतल्या एकाला होतो. कोणाला होणार, याचा अंदाज बराच बांधता येतो. हिप्पोकॅम्पस पूर्ण सुकलेला आहे आणि आठवण आधीच कमकुवत आहे, अशा माणसाचे ऑपरेशनने फारसे बिघडत नाही. आकार बराच शाबूत आहे आणि आठवण उत्तम आहे, तो मात्र जास्त गमावतो, कारण काढला जाणारा भाग अजून काम करत असतो. लहानपणापासून आजार असल्याने काहींची भाषा उजव्या बाजूला सरकलेली असते. ते फंक्शनल एमआरआयवर (बोलताना-वाचताना मेंदूचा कोणता भाग काम करतो ते दाखवणारी तपासणी) पाहतात. बहीण शिक्षिका किंवा बँकेत कारकून असेल, तर हा हिशेब वेगळा, शेतात आणि घरात काम करत असेल तर वेगळा. दुसरी बाजूही ध्यानात घ्या: फिट्स चालू राहिल्या तरी आठवण वर्षागणिक खालावत जाते. ऑपरेशन टाळले म्हणजे स्मरणशक्ती वाचली, असे गणित नसते.

आता ऑपरेशन. कानाच्या पुढून वर वळत जाणारा प्रश्नचिन्हासारखा छेद, हाडाची खिडकी, आणि डाव्या बाजूला टेम्पोरल लोबचा टोकाकडचा साधारण साडेतीन ते साडेचार सेंटिमीटर भाग, त्यासोबत हिप्पोकॅम्पस आणि त्याला लागून असलेला अमिग्डाला नावाचा लहान भाग काढतात. उजव्या बाजूला थोडा जास्त भाग काढता येतो. चार ते सहा तास, एक दिवस आयसीयू, एकूण आठवडाभर दवाखाना. जबड्याचा स्नायू कापलेला असल्याने काही आठवडे भाकरी चावताना दुखते आणि तोंड पूर्ण उघडत नाही, हळूहळू सुटते. मृत्यूचे प्रमाण एका टक्क्याहून बरेच कमी. कायमची अंगदुर्बलता शंभरात एक-दोघांना, बहुधा हिप्पोकॅम्पसलगतची बारीक रक्तवाहिनी आकसल्याने किंवा दुखावल्याने. डाव्या बाजूच्या ऑपरेशननंतर दोन्ही डोळ्यांच्या नजरेचा उजवीकडचा वरचा कोपरा अंधूक होणे हे त्या मानाने बऱ्याच जणांत सापडते, कारण दृष्टीच्या तंतूंचा एक वळसा त्याच भागातून जातो. बहुतेकांना ते जाणवत नाही, तपासल्यावर कळते. लेसरने फक्त हिप्पोकॅम्पस जाळण्याची पद्धतही आहे. तिच्यात नावे आठवण्याची क्षमता अधिक टिकते, फिटमुक्तीचा आकडा थोडा कमी असतो.

ऑपरेशन फसते ते का? हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग शिल्लक राहिला म्हणून. फिट मुळात शेजारच्या इन्सुला नावाच्या भागातून किंवा कपाळामागच्या भागातून निघत होती आणि टेम्पोरल लोब फक्त वाटेत होता म्हणून. दुसऱ्या बाजूचा हिप्पोकॅम्पसही आजारी होता म्हणून. पहिल्या कारणात पुन्हा ऑपरेशन करून पुष्कळांना फायदा होतो. दुसरी दोन कारणे आधीच हेरायला हवीत: फिटची सुरुवात घशात आवळल्यासारखी, कानात आवाज, तोंडाला विचित्र चव, अशी होत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. तपासण्यांचे एकमत होत नसेल तर पेट स्कॅन, आणि तरीही नसेल तर कवटीतून बारीक इलेक्ट्रोड सोडून नोंद घेण्याची पायरी येते. थेट ऑपरेशनची तारीख देणाऱ्या ठिकाणापेक्षा ‘आधी सगळे एकत्र बसून चर्चा करू’ म्हणणारे ठिकाण निवडा.

ऑपरेशननंतर गोळ्या लगेच बंद होत नाहीत. बहुतेक ठिकाणी निदान वर्षभर, कुठे दोन वर्षे, त्याच मात्रेत ठेवून मग एकेक औषध महिनोन्महिने उतरवतात. शेवटचे औषध काढायचे की लहान मात्रेत ठेवायचे, हे तिने आणि डॉक्टरांनी मिळून ठरवायचे. पहिल्या आठवड्यात फिट आली म्हणून हाय खाऊ नका, पण ती कशी होती हे लिहून ठेवा. जुन्यासारखीच असेल तर तिचा अर्थ जास्त गंभीर. पहिल्या वर्षात उदासपणा, चिडचिड, विनाकारण रडू येणे दिसले, तर ते ‘मेंदू हलला’ म्हणून सोडून देऊ नका. उपचाराने बरे होते, न केल्यास जीवावर बेतू शकते. आधी नैराश्य होऊन गेलेल्यांत हा धोका जास्त.

लग्नाबद्दल: १९९९ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा या दोन्हींतून अपस्मार हे विवाह रद्द ठरवण्याचे कारण वगळले आहे. लपवून लग्न करू नका, लपवाछपवीत तिच्या गोळ्या वेळेवर घेतल्या जात नाहीत, सांगून करा. मूल हवे असेल तर व्हॅलप्रोएट टाळावे. त्यामुळे सुमारे दहा टक्के बाळांत जन्मजात दोष आणि त्याहून अधिकांत बौद्धिक विकासाच्या अडचणी येतात. फॉलिक ॲसिड गर्भधारणेच्या आधीपासून सुरू हवे. स्कूटीचा प्रश्न परवान्याच्या फॉर्म १ मध्येच आहे, तिथे अपस्मार थेट विचारला जातो. खोटे लिहू नका.

कुठे जायचे? बेळगावात न्यूरॉलॉजीची प्राथमिक तपासणी होते. पूर्ण कार्यक्रमासाठी बेंगळुरूचे निम्हान्स, मुंबईचे केईएम आणि तिरुवनंतपुरमचे श्री चित्रा इन्स्टिट्यूट हे सरकारी पर्याय. श्री चित्रात १९९५ पासून हे काम चालते. मडगावहून नेत्रावती एक्स्प्रेस थेट जाते. बीपीएल रेशनकार्डावर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण सरकारी दवाखान्याचे रेफरल पत्र आधी घ्यावे लागते. महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी आपली जनआरोग्य योजना जाहीर केली आहे. केईएमला जाणार असाल तर गाव यादीत आहे का आणि हे ऑपरेशन त्या पॅकेजमध्ये बसते का, हे निघण्याआधी लेखी विचारून घ्या.

प्रतीक्षायादी लांब असते, म्हणून तोवरची काळजी आत्ताच. तिला एकटे झोपू देऊ नका. झोपेत सर्वांगाचे झटके येणाऱ्या आणि एकट्या झोपणाऱ्या रुग्णांत अचानक मृत्यूचा धोका सर्वांत जास्त असतो. न्हाणीघराला आतून कडी नको, विहिरीवर आणि चुलीपाशी एकटी नको. झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा हातात किल्ली देऊ नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटांच्या वर गेला तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलामचा नाकातला फवारा द्या आणि १०८ ला फोन करा. आणि पुढची फिट येईल तेव्हा, दुसरा माणूस तिच्याजवळ असेल तर, मोबाइलवर चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा पूर्ण व्हिडिओ घ्या, सुरुवातीपासून ती पहिला अर्थपूर्ण शब्द बोलेपर्यंत.